वाळूसाठी जिप्सी: बडोद्यातल्या प्रकल्प नोंदी

रविवार, 8 सप्टेंबर 2024

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा माझी मारुती जिप्सी हलवायला वेळच मिळाला नव्हता. पाणी चाकांच्या मध्याच्या वर चढलं होतं. काल गणपती बसले, आज सकाळची आरती उरकून गाडीखाली शिरलो. पुढच्या डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) ड्रेन प्लग सैल केला तर आधी नुसतं पाणी आलं, मग फेसाळ, पांढुरकं ऑइल. मागच्याचंही तेच. पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं ऑइल किंचित गढूळ. गिअरबॉक्सचं मात्र स्वच्छ निघालं.

काकांना बोलावून घेतलं. काका ई.एम.ई.मधून, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं दक्षिणामूर्तीचं मंदिर ज्या छावणीत आहे तिथे त्यांची बरीच वर्षं गाड्यांमध्येच गेली. त्यांनी बोटावर ऑइल घेतलं, चोळून बघितलं आणि म्हणाले, "सगळं उघडलंच आहेस तर नुसतं ऑइल भरून बंद करू नकोस. सील बदल, ब्रीदर (ॲक्सलची हवा जायची-यायची वाट) वर घे. आणि ते जैसलमेरच्या वाळूत जायचं किती वर्षं नुसतं बोलतोयस? या थंडीत करून टाक."

तेव्हा हा प्रकल्प. मावसभावाकडे महिंद्रा थार आहे, त्यामुळे जोडीला दुसरी गाडी आहे. वाळूत एकट्या गाडीने जायचं नाही ही काकांची पहिली अट, आणि ती मला पूर्ण पटते. माझी जिप्सी सॉफ्ट टॉप, 1.3 लिटरचं एमपीएफआय इंजिन, 80 हॉर्सपॉवर. डिफरन्शियल लॉक नाही, कसलंही इलेक्ट्रॉनिक साहाय्य नाही. पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). एवढ्यावर वाळू जमते का, असं भेटेल तो विचारतो. जमते, कारण ही गाडी हलकी आहे. पुढच्या सगळ्या नोंदी या एका गोष्टीभोवती फिरणार आहेत: वजन कमी ठेवायचं आणि टायरमधली हवा आपल्या हातात ठेवायची. बाकी सगळं त्यानंतर.

शनिवार, 21 सप्टेंबर 2024

दोन्ही ॲक्सल स्वस्त ऑइल भरून थोडी गाडी फिरवून धुऊन काढले, मग 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल भरलं. ट्रान्सफर केसचंही बदललं.

ब्रीदरबद्दल थोडं लिहून ठेवतो, कारण गाडी घेतल्यापासून ती जागा मी कधी नीट बघितली नव्हती. ॲक्सल चालून गरम झाला की आतली हवा फुगते आणि ब्रीदरवाटे बाहेर पडते. थंड झाला की तीच वाट उलटी चालते आणि बाहेर जे असेल ते आत ओढलं जातं: पाणी, धूळ, बारीक वाळू. म्हणून दोन्ही ब्रीदरना ऑइलला चालणारी रबरी नळी लावली. पुढची इंजिनच्या खोलीत फायरवॉलपर्यंत वर नेली, मागची टेललॅम्पच्या मागे. दोन्ही टोकांना छोटे फिल्टर. खर्च नगण्य आणि काम एका दुपारचं.

पुढच्या चाकांचे नकल (चाक वळतं ते सांधे) या गाडीत बंद असतात: लोखंडी गोळा आणि त्यावर घासणारं नमद्याचं सील. माझ्या सीलमध्ये पुराचा चिखल वाळून दगड झाला होता आणि डाव्या गोळ्यावर त्याने ओरखडे काढले होते. बारीक पॉलिश पेपरने गोळा साफ केला, दोन्ही बाजूंची सील नवीन टाकली, आत ताजं ग्रीस.

मग लॉकिंग हब, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडायच्या-सोडायच्या कळा. माझे हाताने फिरवायचे आहेत. हब मोकळा असला की पुढचे शाफ्ट फिरत नाहीत, पेट्रोल वाचतं. पण हब लॉक केल्याशिवाय केबिनमधून फोर व्हील टाकलं तर पुढच्या चाकांना ताकदच पोचत नाही. उजव्या हबची चकती पक्कड लावल्याशिवाय फिरत नव्हती. खोलून रॉकेलमध्ये धुतला, अगदी हलका हात ग्रीसचा दिला. इथे जास्त ग्रीस भरलं की थंडीत ते जड होतं आणि हब अर्धाच बसतो. आता दोन बोटांनी फिरतो.

रविवार, 29 सप्टेंबर 2024

मकरपुऱ्याच्या वजनकाट्यावर गाडी नेली. आधी रिकामी, पण आधीच्या मालकाने लावलेला बुल बार, छतावरचा कॅरियर आणि मागचं लोखंडी फूटस्टेप तसंच ठेवून. मग मनात ठरवलेलं सगळं सामान आणि दोन माणसं बसवून. दुसरा आकडा 1,400 किलोच्या पलीकडे गेला. कंपनीची कोरी सॉफ्ट टॉप हजार किलोच्या आत असते, म्हणजे चारशे किलोहून जास्त भर आपण घातली होती.

संध्याकाळीच बुल बार उतरवला. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच असे बार लावणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करा असं राज्यांना कळवलेलं आहे, आणि पायी चालणाऱ्या माणसाला त्याची धडक फार वाईट बसते. तो गाडीवर ठेवायचं एकही कारण मला सापडलं नाही. पुढच्या ॲक्सलवरचा भार लगेच कमी झाला. वाळूत नाक आधी बुडतं, त्यामुळे तिथला प्रत्येक किलो दुप्पट महत्त्वाचा.

कॅरियरही उतरवला. छतावर वीस लिटर पाणी आणि स्टेपनी बांधून धोऱ्याच्या (वाळूच्या टेकडीच्या) उतारावर गाडी तिरकी झाली तर काय होईल, हे काकांनी टेबलावर काडेपेटी उभी आणि आडवी ठेवून दाखवलं. जड सामान सगळं मागच्या सीट काढून, त्या जागी, फळीवर, खाली. लक्ष्य: सगळं धरून 1,300.

शनिवार, 12 ऑक्टोबर 2024, दसरा

पाने-पक्कड, जॅक आणि गाडीची पूजा झाली. झेंडूचं तोरण बोनेटला. वहिनींनी नव्या टायरनाही हळदकुंकू लावलं.

टायर परवा बसवले. 205/70 आर15, म्हणजे आरसी बुकात बसणाराच आकार, नक्षी ऑल टेरेन. दुकानदार मड टायरवर अडून बसला होता, "डेझर्टला जाताय तर हेच घ्या." मड टायरची मोठी बटणं चिखलात उत्तम, कारण तिथे खालचा कडक थर गाठायचा असतो. कोरड्या वाळूला तळ नसतो. तिथे बटण फावड्याचं काम करतं आणि चाक स्वतःची कबर खणतं. वाळूत टायर वर तरंगला पाहिजे, म्हणून नक्षी उथळ चालते, पण बाजूची भिंत लवचीक हवी. जुन्या नायलॉन टायरची भिंत फार ताठ होती, हवा काढूनही तो पसरत नसे. रेडियल पसरतो.

मोठे, रुंद टायर आणि लिफ्ट किट यांचा विचार केला आणि सोडला. 80 हॉर्सपॉवरच्या इंजिनला जड चाक फिरवायला लावलं तर जे मिळवलं तेच गमावलं.

रविवार, 20 ऑक्टोबर 2024

आजचा प्रयोग मला फार आवडला. दिवाळीसाठी आणलेला गेरू थोडा मागून घेतला, पाण्यात कालवून पुढच्या डाव्या टायरला ब्रशने लावला, चाक जॅकवर उचललं आणि ड्रॉइंग शीटवर सोडलं. आधी 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाला, मग 14 ला.

दोन्ही ठसे भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आहेत. रुंदी जवळजवळ तीच, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. लांबी मात्र 13 सेंटिमीटरवरून 21 वर गेली. हवा काढल्याने टायर रुंद होतो असं बहुतेक लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ठसा लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्याकडे सरकतो. त्यामुळे समोर वाळू ढकलत न बसता चाक तिच्यावर चढतं.

हिशोबही जुळतो. 1,300 किलोची गाडी, प्रत्येक चाकावर साधारण 325. 28 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 2 किलो. तेवढा भार पेलायला 165 चौरस सेंटिमीटर जागा लागते. दाब निम्मा केला की जागा दुप्पट लागते, 330. माझे ठसे याच्या थोडे अलीकडे-पलीकडे आहेत, कारण काही भार टायरची भिंत स्वतः उचलते आणि ठशाचे कोपरे गोल असतात. पण दिशा तीच.

ठरवलेले आकडे: डांबरावर 28. कच्च्या रस्त्यावर 22. नदीची वाळू 16 ते 18. धोऱ्यांवर 14. अडकल्यावर फक्त बाहेर पडण्यापुरते 10 ते 12, आणि त्या दाबावर स्टिअरिंग पूर्ण वळवायचं नाही, नाहीतर टायरची कड रिमवरून सुटते. हवा कमी असताना वेगही ताब्यात ठेवायचा, भिंत दुमडून टायर आतून तापतो.

रविवार, 10 नोव्हेंबर 2024

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, कॉम्प्रेसर आला.

हवा काढणं सोपं आहे, भरता आली नाही तर काढण्याची हिंमत होत नाही. म्हणून कॉम्प्रेसरवर पैसे मोजले आणि इतर बऱ्याच चकचकीत वस्तूंवर मोजले नाहीत. माझ्या टायरच्या पोटात साधारण 40 लिटर जागा आहे. 14 वरून 28 वर न्यायचं म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब वाढवायचा, म्हणजे प्रत्येक टायरमध्ये बाहेरची 40 लिटर हवा कोंबायची. चार टायर, 160 लिटर. खोक्यावर लिहिलेला मिनिटाचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, दाब चढला की तो घसरतो. आज घड्याळ लावून बघितलं तर एका टायरला तीन मिनिटांच्या आतबाहेर लागली. मधे थोडा थंड होऊ दिला. छान आहे.

हे यंत्र सिगरेट लायटरच्या भोकातून चालवायचं नाही. तिथला फ्यूज 15 ॲम्पिअरच्या आसपासचा आणि वायर बारीक. कॉम्प्रेसर त्याच्या दुप्पट खेचतो. बॅटरीपासून थेट जाड तांब्याची वायर आणली, बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच 40 ॲम्पिअरचा फ्यूज, आणि बोनेटखाली अँडरसन पद्धतीचा जोड. हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं.

हवा मोजायचं मीटरही वेगळं घेतलं, 0 ते 60 वालं. 150 पर्यंतच्या मीटरवर 12 आणि 16 मधला फरक काट्याच्या जाडीएवढा असतो.

रविवार, 24 नोव्हेंबर 2024

मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेटर भाईंकडे दिवस गेला. आजचं काम गाडी ओढण्याच्या जागांचं, आणि पूर्ण प्रकल्पात जिवाशी गाठ असलेलं काम हेच. म्हणून जरा सविस्तर.

कंपनीने दिलेले हूक सपाट रस्त्यावर हळू टो करण्यासाठी असतात. वाळूत रुतलेली गाडी काढताना झटका बसतो. नायलॉनचा स्नॅच पट्टा ताणला जाऊन सुमारे 20 टक्के लांबतो, ऊर्जा साठवतो आणि मग रुतलेल्या गाडीला ओढून घेतो. त्या क्षणी हूक तुटला तर तो पट्ट्याच्या टोकाला बांधलेला गोळा होऊन समोरच्या काचेतून आत येतो. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला) पट्टा अडकवून जगभर माणसं मेली आहेत. टो बॉल कधीही नाही.

भाईंनी दोन्ही चॅसिस रेलच्या (गाडीच्या सांगाड्याच्या लांब दांड्यांच्या) टोकांना 8 मिलिमीटर जाडीच्या प्लेट बनवल्या. चॅसिसला वेल्डिंग केलं नाही. जुन्या चौकोनी रेलवर वेल्डची उष्णता बसली की तिथेच पुढे तडा जातो. त्याऐवजी आरपार बोल्ट, 8.8 ग्रेडचे. रेल आतून पोकळ आहे, बोल्ट आवळला की चेपेल, म्हणून आत नळीचे तुकडे घातले आणि बोल्ट त्यातून नेला. भाईंना हे सांगावं लागलं नाही. "साहेब, पोकळ पाइप आवळला तर तो बसणारच," म्हणत त्यांनी आधीच नळी कापून ठेवली होती.

पट्टा निवडताना जड घ्यावा असं वाटतं. 8 टनांचा पट्टा हलक्या जिप्सीखाली ताणलाच जात नाही, नुसता हिसका देतो. नियम असा की पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांमधल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. म्हणजे आम्हाला चार टनांच्या आसपासचा. तो 9 मीटरचा घेतला. एका दुकानात शॅकल (पट्टा अडकवायच्या कड्या) दाखवले, चकचकीत, पण त्यावर किती टन हे उमटवलेलंच नव्हतं. ते परत ठेवले आणि दुसरीकडून आकडा कोरलेले आणले. सोबत दोरीचा एक सॉफ्ट शॅकल, सुटला तरी लोखंडासारखा लागत नाही.

काकांनी घरी कागदावर एक हिशोब मांडला. ओढणारी गाडी ताशी 15 वरून 30 ने गेली तर वेग दुप्पट, झटक्यातली ऊर्जा चौपट. म्हणून आधी हळू, पट्ट्यावर जाड सतरंजी टाकून, आणि बघे लोक पट्ट्याच्या लांबीहून लांब.

रविवार, 1 डिसेंबर 2024

वाळूच्या फळ्या तयार झाल्या. बाहेरच्या नायलॉनच्या फळ्या चांगल्या असतात, पण चाक फिरलं की दाते वितळतात आणि किंमतही जास्त. आम्ही 3 मिलिमीटर ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा घेतला, 110 बाय 28 सेंटिमीटर, दोन्ही कडा फोल्डिंग मशीनवर दुमडून घेतल्या म्हणजे वाकणार नाही. होल-सॉने भोकं पाडली, एका टोकाला ॲल्युमिनियम अँगलचे दात रिव्हेट केले. प्रत्येकी साडेतीन किलोच्या आत. टोकाला लाल दोरी: चाक फळीला मागे फेकून वाळूत गाडतं, तेव्हा दोरीच सापडते.

काकांनी या निमित्ताने राल्फ बॅगनॉल्डबद्दल सांगितलं. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 आणि 30 च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरला. कैरोच्या भंगारवाल्याकडे त्याला पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर छत घालायचे लोखंडी पन्हाळीसारखे पत्रे मिळाले, आणि त्यांवरून त्याने चाकं बाहेर काढायची पद्धत बसवली. रेडिएटरमधून उकळून जाणारं पाणी परत धरायची टाकीही त्याचीच. 1940 मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, आणि 1942 मध्ये इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनचे आपले जवानही त्यांच्यासोबत त्या वाळूत होते. कमी हवा, कमी वजन, चाकाखाली पत्रा. मूळ गोष्ट तेवढीच आहे.

फावडं लांब दांड्याचं घेतलं, गाडीच्या पोटाखाली पोचलं पाहिजे. जॅकखाली ठेवायला 40 सेंटिमीटर चौरस जाड प्लायवूड. त्याशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.

रविवार, 15 डिसेंबर 2024

ओरसंगवर चाचणी. पहाटे डभोईमार्गे संखेड्याच्या बाजूला. वाटेत वढवाणा तलावावर पाखरं उतरली होती; सयाजीरावांच्या काळात ओरसंगच्या जोजवा बंधाऱ्यातून पाणी आणून भरलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर यादीत गेला. परतताना थांबायचं ठरवलं आणि थांबलो.

नदी पात्रभर वाळू, मधे पाण्याचा बारीक प्रवाह. गावात विचारून, उपशाचे खड्डे आणि ओली जागा सोडून, कोरड्या पट्ट्यावर उतरलो. खड्ड्यांवर वाळूचा पातळ थर बसलेला असतो आणि खाली पाणी असतं, म्हणून आधी पायी चालून बघितलं.

ठरवून पहिली फेरी 28 पीएसआयवरच केली. फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची), दुसरा गिअर. थोडं अंतर जाईपर्यंत इंजिनचा आवाज जड झाला, पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग साचू लागला आणि गाडी ॲक्सलपर्यंत बसली. ॲक्सिलरेटर लगेच सोडला. चाक जागेवर फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला गाडी बोटभर खाली जाते. मग एक दाणाही न खणता चारही टायर 16 वर आणले, रिव्हर्स टाकला, आणि गाडी आपल्याच चाकोरीतून मागे आली. मावसभाऊ शेजारी उभा राहून बघत होता. त्याने काही न बोलता आपल्या थारच्या व्हॉल्व्हची टोपी काढायला सुरुवात केली.

त्यानंतर दुपारपर्यंत त्याच पट्ट्यावर फिरलो. शिकलेलं: ब्रेक दाबायचा नाही, गाडीला आपोआप थांबू द्यायचं, म्हणजे चाकासमोर बांध तयार होत नाही. थांबायचं तर उताराकडे तोंड करून. वळण मोठं घ्यायचं. फोर लोमध्ये (चारही चाकांना जास्त ताकद, कमी वेग) दुसऱ्या गिअरने निघायचं, पहिल्यात चाक पटकन सुटतं. फळ्या दोनदा वापरून बघितल्या, दात नीट पकडतात. डांबरावर येण्याआधी हवा भरली, हब मोकळे केले. पार्ट-टाइम फोर व्हील कोरड्या डांबरावर चालवलं तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि ट्रान्सफर केसवर येतो.

परतीला वढवाण्यावर चहा, दुर्बीण, आणि अंगभर वाळू.

रविवार, 12 जानेवारी 2025

परवा उत्तरायण, गच्च्यांवर मांजा घासणं चालू आहे. मी रेडिएटर काढून बसलो. खालच्या फिन्समध्ये पुराची माती अजून होती. वाळूत गाडी हळू आणि इंजिन जोरात चालतं, वाऱ्याची मदत नसते, त्यामुळे हे सोडून चालणार नव्हतं. इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाचं पाणी मारून धुतला. नवीन कूलंट, नवीन थर्मोस्टॅट. एअर फिल्टर नवीन, जुना झटकून सोबत घेतला.

पुढच्या गार्डला फायबरच्या काठीवर केशरी झेंडा, छताच्या बराच वर. धोऱ्याच्या पलीकडून येणाऱ्याला गाडीच्या आधी झेंडा दिसतो.

वजनकाटा पुन्हा: दोन माणसं, पाणी, सगळं सामान धरून 1,310.

शनिवार, 18 जानेवारी 2025, जैसलमेर

काल दिवसभर पालनपूर, सांचोर, बाडमेर. आज पहाटे शहराच्या पश्चिमेला, गावातल्याच एका माणसाला सोबत घेऊन. डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आधी नकाशावर आखून घेतली होती. 3,000 चौरस किलोमीटरहून मोठं ते अभयारण्य माळढोकाचं आहे, आणि तिथे गाडी घालायचा विचारही करायचा नाही. बाहेरच्या धोऱ्यांवरही सेवण गवत आणि फोगाची झुडपं सोडून चाललो. फोगाच्या मुळांनी धोरा धरून ठेवलेला असतो, आणि सेवण गावच्या गुरांचा चारा आहे.

ओरसंगची वाळू जाड आणि कोनदार होती, दाणे एकमेकांत अडकतात. इथली बारीक, गोल, सगळी एकसारखी. मुठीत धरली की बोटांतून ओघळते. पहाटे थंडीत वरचा थर थोडा धरलेला होता आणि गाडी सहज जात होती. दुपारी तोच उतार मऊ झाला.

धोऱ्याचा आकार वाचायला वाटाड्याने शिकवलं. इथे उन्हाळ्याचा जोरदार वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून नैर्ऋत्येची बाजू लांब, मंद उताराची आणि दाबलेली, आणि ईशान्येची कडा उभी, 32-34 अंशांची, जिथून वाळू सुटत असते. चढायचं नैर्ऋत्येने, सरळ. माथ्यावर पोचायच्या जरा आधी पाय उचलायचा, म्हणजे गाडी माथ्यावर येऊन जवळजवळ थांबते आणि पलीकडे काय आहे ते दिसतं. उतरायचं तेही सरळ खाली. उतरताना मागचा भाग एका बाजूला घसरू लागला तर ब्रेक नाही. स्टिअरिंग उताराच्या दिशेने आणि किंचित ॲक्सिलरेटर. तिरकं चालायचं नाही, तिथेच गाडी लोळते.

जिप्सी 14 पीएसआयवर, फोर हाय, बहुतेक वेळ दुसरा-तिसरा गिअर. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

दुपारी थार एका माथ्यावर पोट टेकून बसली, पुढची चाकं पलीकडे हवेत आणि मागची अलीकडे. मावसभावाने स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलेलं होतं, हवा 18 होती. फक्त माथा धारदार होता आणि पाय थोडा लवकर उचलला गेला. क्रम लिहून ठेवतो. आधी सगळे उतरलो. मग फावड्याने पोटाखालची वाळू काढली, पाऊण तास, कारण लटकलेल्या गाडीला नुसतं ओढलं तर खालचं काहीतरी तुटतं. मागच्या चाकांची हवा 12 वर. मागच्या चाकांमागे फळ्या. तरी हलली नाही, तेव्हा जिप्सी मागच्या उतारावर सरळ रेषेत लावली, पट्टा, वर सतरंजी, वाटाडा आणि काका दूर. पावणेदोन टनांच्या गाडीला माझी हलकी गाडी ओढणार होती, आणि उताराची मदत माझ्या बाजूने होती. पहिला झटका मुद्दाम हळू. दुसरा त्याहून थोडा जोरात. थार दीड हात मागे आली, चाकं फळ्यांवर बसली आणि मग ती स्वतःच्या ताकदीने उतरली. प्लेटवरचे बोल्ट लगेच तपासले: एकही हलला नव्हता, रेलवर रंगाला तडासुद्धा नाही.

संध्याकाळी डांबराच्या कडेला दोन्ही गाड्यांना हवा भरली. वाटाड्याच्या घरी बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी. उद्या सकाळी लोंगेवाला. 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानी रणगाडे तिथे मऊ वाळूत रुतले होते, ती जमीन काकांना पुन्हा बघायची आहे.

रविवार, 2 फेब्रुवारी 2025

घरी. मागचे ब्रेक ड्रम खोलले, प्रत्येकातून मूठभर वाळू निघाली. लायनर आणि ड्रम ब्रशने साफ. युनिव्हर्सल जॉइंटना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन ग्रीस. पाट्यांच्या मधली वाळू पाण्याने काढली. दोन्ही डिफरन्शियलचं थोडं ऑइल काढून बघितलं: स्वच्छ, सोनेरी. ब्रीदरच्या नळ्यांचं चीज झालं. नकलची सील कोरडी आहेत. एअर फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ केला, बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते.

सोबत नेलेलं आणि न लागलेलं: दुसरं फावडं, जास्तीचा टूलबॉक्स, घडीच्या खुर्च्या. पुढच्या वेळी घरी राहतील, तीसेक किलो वाचतील. कमी पडलेलं: हवा काढायचे ऑटोमॅटिक डिफ्लेटर, कारण व्हॉल्व्ह काढून एकेक चाक मोजत बसण्यात पहाटेचा चांगला वेळ जातो. आणि फावड्याच्या दांड्याला मधोमध दुसरी मूठ हवी, पोटाखाली खणताना मनगट दुखतं.

थारच्या मागच्या हुकावर सगळा भार आला होता, आणि तो कंपनीचाच आहे. मावसभावाला भाईंकडे घेऊन जायचं ठरलं आहे. येत्या शनिवारी सकाळी, प्लेटचं माप मी काढून ठेवलंय.